चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला, तर



स्वागत समितीच्या वतीने नाशिकमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत. धुळे-नंदुरबारहून रात्रीची एसटी धरून आलेल्या मंडळींचं तर विशेष.

हे दोन दिवस कॉर्नियाच्या स्कॅनचे आहेत. 1880 च्या सुमारास पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी काळ्यापांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरली आणि प्रतिबिंबातल्या वेड्यावाकड्या कड्यांवरून कॉर्नियाचा उंचसखलपणा ओळखला. आज शाइमफ्लुग कॅमेरा काही क्षणांत मागचा पृष्ठभागही दाखवतो आणि जागोजागची जाडीही. मध्यभागी ती साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. सुरुवातीचा केराटोकोनस स्कॅनच्या या नकाशांतच सापडतो. स्लिट लॅम्पखाली तेव्हा डोळा निरोगी वाटतो.

लेसरने नंबर काढण्यापूर्वी आपण हा स्कॅन कधी चुकवत नाही. तसंच हवं. पण माझा जीव तुटतो तो दुसऱ्याच रुग्णासाठी. बारा-तेरा वर्षांचा मुलगा. ॲलर्जीने डोळे खाजतात, दिवसभर चोळतो, आणि दर खेपेला सिलिंडरचा नंबर वाढलेला. त्याला नवा चष्मा मिळतो, स्कॅन मिळत नाही. खरं तर स्कॅनची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे, कारण कोवळ्या वयात केराटोकोनस झपाट्याने वाढतो.

ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 साली क्रॉस-लिंकिंगचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांनी कॉर्नियाला बळकटी येते, बहुतेकांचा आजार जागीच थांबतो. गेलेली नजर मात्र तेवढ्याने पूर्ववत होत नाही. शिवाय त्या मूळ पद्धतीला निदान 400 मायक्रॉन जाडी लागते. उशीर होऊन कॉर्निया त्याहून पातळ झाला की ही वाटही अवघड होते, आणि काही मुलांना पुढे नेत्ररोपणाची वाट पाहावी लागते.

म्हणून काही मागण्या. शालेय तपासणीत कोणत्या मुलाला स्कॅनसाठी पाठवायचं, याचे चार सोपे निकष इथे ठरवून जाऊ या. स्कॅनआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस काढून ठेवली होती, हे कागदावर लिहिलं जावं. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर व्हावा. दोन यंत्रांचे आकडे ताडून आजार वाढला की नाही हे ठरवणं धोक्याचं. आणि अहवालाची प्रत पालकांच्या हाती जावी.

निकषांचा कच्चा मसुदा आपल्या पिशवीत ठेवला आहे. आपल्या दुरुस्त्या आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोंदणी कक्षात द्या. उद्या सकाळच्या पहिल्याच सत्रात तो चर्चेला घेऊ.