एकट्याची होडी, कोकणचा किनारा



भारतीय नौदलातले कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ 56 फुटांची, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. भर महासागरात, किनारा शेकडो मैल दूर असताना, अशा नाविकाला थोडीथोडी झोप घेता येते, कारण आसपास आदळण्याजोगे काही नसते. बावीस-चोवीस फुटी होडी घेऊन एकट्याने मुंबईहून गोव्याला निघालेल्या माणसाला ती सोय नाही. त्याच्या डाव्या अंगाला खडक, उजव्या अंगाला मालवाहू जहाजे आणि पुढ्यात मच्छीमारांची जाळी. किनारा डोळ्यांसमोर असला की मन निर्धास्त होते, आणि एकट्याच्या सफरीत बहुतेक चुका याच निर्धास्तपणातून होतात.

मुंबई ते गोव्यातले आग्वाद हे अंतर दोनशेहून थोडे अधिक सागरी मैल भरते. सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, अक्षांशाचे एक मिनिट. नकाशाच्या उभ्या कडेवर तो सरळ मोजता येतो. लहान होडी दिवसभराच्या सरासरीने ताशी चार मैल चालते, म्हणजे आठ तासांत बत्तीस. हा हिशेब धरला की मुक्काम आपोआप ठरतात: राजपुरीची खाडी, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. राजपुरीपर्यंतचा पहिलाच टप्पा जरा लांबचा, म्हणून नवख्याने मधे रेवदंड्याला थांबावे. प्रत्येक टप्पा उजाडताना सुरू व्हावा आणि दिवस मावळण्याच्या बराच आधी संपावा. मालवणला तर अंधारात शिरण्याचा विचारही नको. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक पसरले आहेत, आणि किल्ल्याची जागा निवडताना त्यांचा उपयोग शत्रूला अडवण्यासाठीच झाला होता.

आता वाऱ्याकडे वळू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सफरीचे दिवस. या काळात रात्री जमीन निवते आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो होडीला आडवा लागतो, समुद्र सपाट असतो, आणि दक्षिणेकडे जा की उत्तरेकडे, होडी सारखीच पळते. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. तासभर शीड नुसते फडफडत राहते. मग वायव्येकडून खारा वारा येतो, दुपारी दहा-पंधरा नॉटपर्यंत चढतो आणि लाटांना फेस आणतो. गोव्याकडे जाताना हा वारा पाठीशी असतो, त्यामुळे तो किती वाढला हे कळत नाही. दोघे असतील तर एक सुकाणू धरतो, दुसरा शीड आखूड करतो. एकट्याला दोन्ही कामे करायची असतात, म्हणून त्याने वारा चढण्याआधी, त्या रिकाम्या तासातच शीड आखूड करून ठेवावे. वारा कमीच राहिला तर ते पुन्हा सोडता येते.

भरती-ओहोटीचे कोष्टक मोबाइलवर मिळते, तरी कोकणातला जुना हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ हवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण. हा हिशेब मुंबईकडचा आहे. दक्षिणेला सरकत जाल तशी भरती थोडी लवकर होते. उंचीही बदलते: मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, गोव्याकडे तो साधारण निम्मा असतो.

या हिशेबाचा खरा उपयोग खाडीच्या तोंडाशी होतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नेमकी दुपारभर. उधाणाचे पाणी जोराने बाहेर ओढले जाते आणि समोरून खारा वारा लाटा आत ढकलतो. नदीने आणलेल्या वाळूमुळे खाडीचे तोंड आधीच उथळ असते. तिथे लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. षष्ठी ते दशमी या तिथींना मात्र दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान बहुधा भरतीचे पाणी आत जात असते, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, असल्यामुळे प्रवाहही मंद असतो. सफरीचा मधला, अधिक खाड्यांचा भाग या दिवसांत येईल अशी तारीख निवडावी. उधाणाच्या दिवसांत छोटा टप्पा घेऊन दुपारी बाराच्या आत खाडीत शिरावे. आणि शिरायचे ते चढत्या पाण्यात. होडी वाळूला लागलीच तर तेच पाणी तिला उचलते.

नांगराचा दोर ओहोटीच्या खोलीवर मोजू नये. आत्ता तीन मीटर पाणी, रात्री अडीच मीटर भरती, होडीच्या नाळेची उंची एक मीटर, मिळून साडेसहा. त्याच्या पाचपट म्हणजे तेहतीस मीटर दोर सोडला तरच शांत झोप लागेल.

समुद्रावर इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी, असा नियम आहे. पण मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट द्यायची जबाबदारी शिडाच्या होडीचीच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. अंधारात हिरव्याखाली पांढरा दिवा दिसला तर ट्रॉलर, लालखाली पांढरा दिसला तर इतर मासेमारी बोट. एका जागी रोवून ठेवलेल्या डोल जाळ्यांवर बहुधा दिवा नसतोच. तरंगते पिंप किंवा थर्माकोलचा तुकडा, एवढीच खूण. उजेडात प्रवास करण्याचे हे आणखी एक कारण. जहाजांचेही गणित करून पाहावे: पाच मैलांवर दिसलेले जहाज ताशी पंधरा मैलांनी येत असेल तर वीस मिनिटांत अंगावर असते. चहा करायला खाली गेलेल्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे.

सगळ्यात मोठे संकट म्हणजे पाण्यात पडणे. ताशी चार मैलांनी जाणारी होडी मिनिटात सुमारे सव्वाशे मीटर पुढे निघून जाते. चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. फ्रान्सचे एरिक ताबार्ली यांनी 1964 आणि 1976 मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकली होती. 1998 च्या जूनमध्ये, वेल्सजवळ रात्री शिडाचे काम करताना ते पाण्यात फेकले गेले. अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते, बांधलेला दोर नव्हता. बोटीवर सोबती असूनही ते वाचले नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावरचा एकटा माणूस तर हाकही कोणाला मारणार? नाळेपासून सुकाणूपर्यंत एक मजबूत पट्टा ताणून ठेवावा आणि अंगावरच्या पट्ट्याचा हूक त्यात अडकवूनच हालचाल करावी. वारा नसतानाही, लघवीला जातानाही.

दोंदे प्रदक्षिणेआधी ‘म्हादेई’ घेऊन मॉरिशसला गेले, तेव्हा सोबतीला सहकारी होता. परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने केला. लहान सफरीलाही हाच क्रम योग्य. आधी जाणत्या माणसाबरोबर मुंबई ते राजपुरी, मग तेवढेच एकट्याने, मग गोवा.

रोजचा मार्ग घरच्या माणसाजवळ असावा. होडीची नोंदणी आणि ओळखपत्र मात्र सोबत ठेवावे. तटरक्षक दलाने वाटेत विचारल्यास कागद हाताशी हवेत. रेडिओ चॅनेल 16 वर सुरू ठेवावा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. मुक्कामी पोहोचल्याचा फोन ठरल्या वेळेला गेला नाही, तर किती तास थांबून हा क्रमांक फिरवायचा, हे निघण्यापूर्वीच घरी लिहून द्यावे.

राहता राहिला परतीचा प्रवास. खारा वारा आता तोंडावर असतो, आणि लहान होडी त्याच्याशी झगडत बसली तर माणूस थकतो. परतीचे टप्पे निम्मे करावेत. पहाटेच्या मतलईवर निघून अकराच्या आत नांगर टाकावा. त्यासाठी पंधरा-वीस दिवस हाताशी नसतील, तर होडी गोव्यातच ठेवून रेल्वेने घरी यावे आणि सवड काढून पुन्हा जावे. मात्र मे उजाडण्याआधी ती परत आलेली असावी. जूनमध्ये मासेमारीही बंद होते, कोळीवाड्यांत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात.