पांढरीतली बाग

जुन्या गावगाड्यात जमिनीला दोन नावं होती. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. पांढऱ्या मातीनं भिंती लिंपायच्या, माळवदं घालायची; पाणी खाली झिरपू द्यायचं नाही हाच तिचा गुण. आज आपण त्याच पांढरीत वांगी, भेंडी, मोगरा आणि कागदी लिंबू लावतो, आणि दोन पावसाळ्यांत थकून म्हणतो की माती निकस आहे, तण हटत नाही, कीड सुटत नाही. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणून आपण जे बाहेरून आणतो, त्याच्याच पाठीवर बसून दुसरी आणि तिसरी बऱ्याच वेळा घरात येते.

आपल्या मुखेडचा परिसर बालाघाटाच्या डोंगररांगांतला. खोलगटात भारी काळी, चढावर वीतभर मातीखाली मुरूम. घर बांधताना पायाचा मुरूम वर येतो, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा मिसळतो, आणि वास्तुशांतीनंतर त्याच ढिगाला आपण बाग म्हणू लागतो. मग ट्रॅक्टरवाल्याला सांगून एक ट्रॉली काळी माती, एक ट्रॉली शेणखत. ती ट्रॉली रिकामी होताना जवळ जाऊन ढेकूळ फोडून बघा. बोराच्या बीएवढ्या काळपट गाठी दिसतील, एकीतून दुसरीत तारेसारखा धागा गेलेला. फोडून हुंगली तर उटण्यासारखा वास येईल. हा लव्हाळा. धागा अखंड असतो तोवर टोकाची गाठ फुटते, बाकीच्या बऱ्याचशा निजून राहतात. आपण खुरप्यानं धागा तोडतो, आणि निजलेली प्रत्येक गाठ स्वतःचा कोंब काढते. जितका खुरपावा तितका वाढतो, ही खुरपणाऱ्या बायांची तक्रार शब्दशः खरी आहे. वर प्लास्टिक अंथरलं तर त्याचा टोकदार कोंब तेही भोसकून बाहेर येतो. त्याला आपल्याकडचं ऊन मात्र सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये ती माती फरशीवर पातळ पसरून, दर दोन दिवसांनी खालवर करून तापवली, तर गाठी वाळून मरतात. म्हणजे जे काम बागेत वर्षानुवर्षं पुरं होत नाही, ते दारात पंधरा-वीस दिवसांत बरंचसं उरकतं.

शेणखताचंही तेच. उकिरड्याच्या वरच्या थरातलं अर्धकच्चं खत आलं की त्यात गाजरगवताचं बी असतं. हे गवत पुण्यात 1955 च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज ते नाही असा रस्ता दाखवणं कठीण. फुलावर येण्याआधी उपटलं तर त्याचंच चांगलं खत होतं. फुलल्यावर खताच्या खड्ड्यात टाकलं तर आपण त्याची पेरणी करतो. खतातल्या पांढऱ्या अळ्या पाहून मात्र लगेच घाबरू नये. अळी सपाट फरशीवर ठेवा. ती उलटी होऊन पाठीवर सरकत गेली तर ती कुजलेलं खाणारी, खताला मदतच करणारी. जिवंत मुळं खाणारी हुमणी अशी पाठीवर चालत नाही. ती मुरडून पडते. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले वेचता येतात. नर्सरीच्या पिशवीतून येणारी पाहुणी म्हणजे गोगलगाय. आफ्रिकेतली ही मोठी शंखी गोगलगाय बेन्सन नावाच्या साहेबानं 1847 मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. 2022 च्या खरिपात तिनं लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, हे इथं वेगळं सांगायला नको.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. सरकार 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून तलावातला गाळ उचलायला सांगतं, आणि तुम्ही त्याच मातीवर संशय घेता? बरड शेतावर गाळ घालणं योग्यच आहे. तिथं तो पातळ पसरतो, नांगरटीनं मुरमात मिसळतो. अंगणात आपण दीड फूट गाळ दाबलेल्या मुरमावर नुसता ओततो. गाळ म्हणजे बारीक चिकणमाती. पावसात ती फुगते, पाणी खाली जायला वाट उरत नाही, वाफा चिबाड होतो आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात तीच आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा खालचा मुरूम आधी पहारीनं मोकळा करावा, त्यात गाळ थोडाच, आणि गाळाहून जास्त कुजलेला पालापाचोळा मिसळावा.

दुसरी चूक पुस्तकी आहे. मोबाइलवरचे सल्लागार सांगतात, मातीत चुना घाला, चुलीची राख घाला, अंड्याची टरफलं घाला. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीला ते मानवेल. आपली माती काळ्या पाषाणातून झालेली, तिचा सामू बहुधा साडेसातच्या पुढे, आणि चुनखडी तिच्यात आधीच आहे. खात्री हवी असेल तर चिमूटभर मातीवर मोरी साफ करायच्या अॅसिडचे दोन थेंब लांबून, जपून टाका. सोड्यासारखी फसफसली तर वर चुना घालणं म्हणजे मिठागरात मीठ नेणं. अशा मातीत लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण युरिया टाकतो, पिवळेपणा जात नाही. गंमत अशी की त्या झाडाला लोह कमी पडलेलं असतं, आणि उभं असतं ते लोहानं भरलेल्या दगडाच्या चुऱ्यात. चुन्यानं ते लोह कुलूपबंद होतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारली तर तात्पुरता उतार पडतो. कायमचा उपाय पुन्हा कुजणाऱ्या पाल्यापाशीच येतो, कारण कुजताना निघणारी आम्लं हे कुलूप थोडं थोडं उघडतात.

आता औषधाची बाटली. फवारलं नाही तर हाती काय लागणार, हा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडी रास्त आहे. दहा झाडांच्या बागेत नाही. बाटलीवरची मात्रा हेक्टरच्या हिशेबानं लिहिलेली, आपण ती झाकणानं मोजतो. फवारणी ते तोडणी यांत ठरावीक दिवस जाऊ द्यायचे असतात, आणि भेंडी तर दिवसाआड तोडावी लागते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती उघड्या रानात. इथं तर पलीकडे स्वयंपाकघराची खिडकी आहे. शिवाय बाटली हिशेबातही हरते. माव्याची मादी नराशिवाय पिलं घालते आणि ती पिलं आठ-दहा दिवसांत स्वतः पिलं घालू लागतात. त्यांना खाणाऱ्या ढालकिड्याची पिढी पुरी व्हायला तीन-चार आठवडे लागतात. विषानं दोन्ही मारले की आधी परततो तो मावा. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा अळी शेंड्याच्या आत असते, वरून फवारलेलं बहुतेक वरच राहतं. तो शेंडा बोटभर खालून कापून चिरडला की काम झालं. मावा-तुडतुड्यांसाठी लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीचा अर्क, किंचित साबण घालून, संध्याकाळी. उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो.

सेंद्रियवाल्या मित्रांशीही माझं थोडं भांडण आहे. इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवणारे अल्बर्ट हॉवर्ड कीड-रोगाला सदोष शेतीचं लक्षण मानत. त्यांचे इथले अनुयायी पुढे जाऊन सांगतात, माती सुधारा, कीड येणारच नाही. 2008 मध्ये कोइम्बतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला, तेव्हा त्यानं कुणाची माती कशी आहे ते विचारलं नाही. 2010 मध्ये प्यूर्टो रिकोहून त्याची शत्रू असलेली चिमुकली गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा तो आटोक्यात आला. परक्या किडीपुढं एकट्या अंगणाचं काही चालत नाही, हे कबूल करावं. पण म्हणूनच नर्सरीतून आणलेली जास्वंद पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावी, पानांची मागची बाजू आणि कुंडीचा तळ बघावा.

राहिली वेळेची अडचण. पाला कुजायला चार-सहा महिने लागतात आणि मिरग तर तोंडावर आला. खताच्या खड्ड्यापाशी साप निघतो, वास येतो, असंही लोक म्हणतात. वास येतो तो ओलं खरकटं उघडं टाकल्यानं. त्यावर दुप्पट वाळका पाला टाकला की येत नाही. साप उंदरामागं येतो आणि उंदीर खरकट्यामागं. आणि कच्चा माल? फाल्गुन-चैत्रात कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात, तेव्हा आपल्या गल्ल्यांत सकाळी सकाळी झाडून पेटवलेल्या ढिगांचा धूर असतो. यंदाचा पाला जळून गेला. या पावसाळ्यापुरतं दोन-तीन वाफेच करावेत, ट्रॉली सांगितलीच असेल तर माती आधी फरशीवर उन्हात घालावी, आणि पहिल्या पावसानंतर जे आपोआप उगवेल ते सरसकट उपटू नये. त्यात घोळ असेल, तांदुळजा असेल, पाथरी असेल. घरातल्या आजीला दाखवलं तर त्यातलं चुलीकडे काय जायचं आणि खड्ड्यात काय, ती उभ्या उभ्या निवडून देईल.