कृष्णाकाठच्या समाध्या

भाद्रपद वद्य पक्षात आपल्या घराघरांतून पितरांची आठवण होते. पाने मांडली जातात, काकबळी ठेवला जातो, आजोबा-पणजोबांची नावे उच्चारली जातात. आणि अमावास्या सरली की ती नावे पुन्हा वर्षभर मिटलेल्या पोथीत जाऊन बसतात. ज्या जागी या माणसांचे देह मातीच्या किंवा अग्नीच्या स्वाधीन झाले, त्या जागी मात्र आपले पाऊल सहसा वळत नाही. स्मशान म्हणजे अमंगल. तेथून परतताना मागे वळून पाहू नये, घरी येताच स्नान करावे, ही आपल्याला लहानपणापासूनची शिकवण. तिच्यामागील भाव खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या कृष्णेच्या काठी अशी काही स्थाने आहेत की, तेथे गेल्यावर भयाची जागा कृतज्ञता घेते. त्या स्थानांविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावे, असे योजिले आहे.

कृष्णा जेथे उगम पावते, त्या महाबळेश्वरापासूनच आरंभ करू. मुंबई इलाख्याचे सरसेनापती सर सिडने बेकविथ हे १८३१ च्या जानेवारीत येथे मरण पावले. त्यांच्यासाठी वर्गणी करून उभारलेले स्मारक तेथे आहे. खाली पाचगणीस सेंट पीटर्स चर्चच्या आवारात जॉन चेसन यांची कबर आहे. पाचगणी आज मुलांच्या शाळांनी आणि प्रवाशांनी गजबजलेली असते. ती वसविण्यासाठी ज्या गृहस्थाने आयुष्य वेचले, तो तेथेच विसावला आहे. डोंगरमाथ्यावरच्या अशा कबरींपुढे उभे राहिले म्हणजे राज्यकर्ते आणि प्रजा हा भेद थोडा वेळ बाजूस राहतो. ज्यांच्या आयाबहिणी समुद्रापार, ज्यांच्या मातीवर फूल ठेवावयास आप्तांपैकी कोणी कधी येणार नाही, अशी ही माणसे. त्यांच्याविषयी मनात काही कालवले, तर त्यात इतिहासाचा अपमान होत नाही.

आता नदीबरोबर खाली उतरू. साताऱ्याच्या पूर्वेस, शहरापासून सुमारे पाच किलोमीटरांवर वेण्णा कृष्णेस मिळते. येथे संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन गावे आहेत. पेशवाईतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे मूळचे माहुलीचे. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ पाहण्यास पुष्कळ लोक येतात, घाटाच्या पायऱ्यांवर बसतात आणि परत जातात. त्यांपैकी थोडेच जण नदीच्या पात्रालगतच्या समाध्यांकडे वळतात. वास्तविक साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्याचा अर्धा इतिहास त्या दगडांपाशी येऊन थांबलेला आहे.

थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास निवर्तले. त्यांच्यावर अग्निसंस्कार येथेच झाला, राणी सकवारबाई येथेच सती गेल्या, आणि महाराजांची समाधीही येथेच आहे. ज्यांच्या कारकिर्दीत मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून दिल्लीपर्यंत गेले, त्या राजाची ही समाधी इतकी साधी आहे की, सांगणारा कोणी सोबत नसेल तर जाणारा तिच्याजवळून सहज निघून जाईल. जवळच एका कुत्र्याची समाधी दाखवितात. शिकारीत वाघाच्या तावडीतून याने महाराजांचा जीव वाचविला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी परंपरेची कथा आहे. मुले या समाधीपाशी हटकून थांबतात, आणि मला वाटते, त्यांचे बरोबर आहे. उपकार करणारा कोण, हे न पाहता उपकाराची खूण ठेवणे, हाच तर समाधीचा धर्म.

परंतु माहुलीस गेल्यावर माझे मन सर्वांत अधिक वेळ रेंगाळते ते येसूबाईंपाशी. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ मध्ये पुत्राची सुटका झाली. आई मात्र ओलीस म्हणून मागे राहिली. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून त्यांना सोडवून आणले ते १७१९ साली. ऐन तारुण्यात गेलेली स्त्री जवळजवळ तीस वर्षांनी, केस पिकल्यावर, पुत्राच्या राजधानीत परत आली. एवढे ज्या मातेने सोसले, तिची समाधी कोणती, हेच पुढे लोक विसरून गेले. अलीकडच्या काळात साताऱ्याच्या इतिहासप्रेमी मंडळींनी जुने कागद धुंडाळले आणि माहुलीच्या दगडांतून येसूबाईंच्या समाधीची ओळख पटविली. ज्यांनी शाहू महाराजांचा हक्क नाकारून राज्यासाठी त्यांच्याशी झुंज घेतली, त्या ताराबाई १७६१ मध्ये वारल्या. त्यांचीही समाधी याच माहुलीस आहे. हयातीत एका गादीवरून ज्यांचे जमले नाही, त्यांना एका नदीच्या काठी पुरेशी जागा मिळाली. पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो तेव्हा पाणी कोणाचा पक्ष न पाहता सर्वांवरून सारखेच जाते.

राजघराण्याच्या गोष्टी येथवर सांगितल्या. आता एक घरची गोष्ट सांगतो. माझी आजी दर सर्वपित्री अमावास्येस मला बरोबर घेऊन माहुलीस जाई. विश्वेश्वराचे दर्शन झाले की ती घाटाच्या खाली थोडी दूर, बाभळीच्या एका झाडापाशी जाऊन मूठभर फुले मातीवर ठेवी. तिचे पहिले मूल चार महिन्यांचे होऊन गेले होते. लहान बाळांना आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. ते बाळ तेथे पुरलेले होते. वर ठेवलेला धोंडा कोणत्या तरी वर्षीच्या पुरात वाहून गेला होता. मी एकदा विचारले, “आजी, इथं काहीच खूण नाही, मग जागा हीच कशावरून?” ती म्हणाली, “अरे, खूण पाण्यानं नेली. आपण येतो, हीच खूण.”

आजी गेली. तिच्या अस्थी आम्ही त्याच संगमावर विसर्जित केल्या. पुढे शिक्षण, नोकरी, संसार यांत माझे माहुलीस जाणे सुटले. पुष्कळ वर्षांनी परगावचे पाहुणे आले असता त्यांना समाध्या दाखविण्यासाठी म्हणून मी गेलो. शाहू महाराज, येसूबाई, ताराबाई, सर्वांच्या कथा मोठ्या उत्साहाने सांगितल्या. निघताना आजीची जागा आठवली. बाभळ नव्हती. काठ खचून पुढे-मागे झाला होता. मी अंदाजाने एका ठिकाणी उभा राहिलो, आणि त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, त्या बाळाचे नाव काय होते हे मी आजीला कधी विचारलेच नव्हते. बारसे झालेले मूल ते; नाव खचित ठेवलेले असणार. आज ते सांगणारे कोणीही हयात नाही. राणीच्या समाधीची ओळख शेवटी कागदांनी पटविली. माझ्या आजीच्या बाळाविषयीचा कागद कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. इतिहासाची हानी कशी होते, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या पाच मिनिटांनी अधिक शिकविले.

माहुलीहून पुढे कृष्णा कऱ्हाडास येते. तेथे कोयना तिला समोरासमोर येऊन भेटते, म्हणून त्या स्थानास प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीस निधन पावले. त्यांचा देह मात्र अखेर या संगमावर आला, आणि त्यांची समाधी येथे आहे. दरवर्षी त्या तारखेस तेथे माणसांची रीघ लागते. आपल्या माणसांत परत येण्याचे हे भाग्य सर्वांनाच लाभते असे नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविले, आणि १८४७ मध्ये ते तेथेच वारले. काशीस मरण यावे म्हणून लोक नवस करतात; परंतु ज्याची दृष्टी अजिंक्यताऱ्याकडे लागली असेल, त्याला गंगेचा काठही परकाच.

उलट, परप्रांतात जन्मलेला मनुष्य येथला कसा होऊन जातो, हे पाहावयाचे असेल तर सांगली जिल्ह्यात, मिरजेस गेले पाहिजे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म उत्तरेकडील कैराना गावी १८७२ साली झाला. किराणा घराण्याचा तो स्वर मिरजेस आला आणि येथेच रमला. मिरजेत ते प्लेगने अत्यवस्थ झाले असता मीरासाहेबांच्या कृपेने बरे झाले, अशी त्यांची श्रद्धा सांगितली जाते. दर्ग्यात बसून गाणे ही त्यांची सेवा होती. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडेचरीस जात असता वाटेत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेच फलाटावर, ईश्वराचे नाव घेत, २७ तारखेस त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

त्या कबरीपाशी आजही गाणे होते. उरुसात निरनिराळ्या घराण्यांचे गवई-वादक येतात आणि दर्ग्यात बसून आपली हजेरी लावतात. याच उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. मीरासाहेबांपुढे नारळ-फुले घेऊन उभे राहणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे मोजण्याच्या भरीस तेथे कोणी पडत नाही. एरव्ही कबरस्तानात मनुष्य आवाज खाली करतो. येथे मात्र तंबोऱ्याच्या तारा जुळविल्या जातात, कारण आत निजलेल्या माणसाला तीच भाषा अधिक परिचयाची होती.

मिरज-सांगलीकडे दफनाची चाल केवळ मुसलमान व ख्रिस्ती बांधवांतच आहे असे नाही. लिंगायत घराण्यांतही मृतास भूमीतच समाधी देतात. शब-ए-बरातीच्या रात्री मुसलमान कुटुंबे कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. २ नोव्हेंबरास ख्रिस्ती कुटुंबे कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतात. ज्यांच्या घरी दहनाची चाल आहे, त्यांना स्वतःची अशी जागा राहत नाही; राख पाण्यात गेली की सारी कृष्णाच त्यांची समाधी होते. चाली वेगळ्या असल्या तरी जाणाऱ्या माणसाच्या मनातील ओढ एकच असते.

तर मग आपण काय करावे? पहिली गोष्ट अगदी लहान आहे. घरात जे वडीलधारे असतील, त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि गेलेल्या माणसांची नावे, जमल्यास तिथी आणि त्यांना कोठे पोहोचविले ते ठिकाण लिहून घ्यावे. अल्पायुषी मुलांची, विधवा आत्यांची, ज्यांचा वंश पुढे चालला नाही अशांची नावे प्रथम लिहावीत. कारण ती सर्वांत आधी पुसली जातात.

दुसरी गोष्ट दगडांविषयी. जुन्या समाधीवर गवत वाढले असेल तर ते हाताने उपटावे. वड-पिंपळाचे रोप सांध्यात शिरले असेल तर मात्र ओढून काढू नये. मुळाबरोबर दगड निखळतात. ते कापावे आणि जाणत्यास दाखवावे. अक्षरे वाचण्यासाठी तारेच्या ब्रशाने किंवा तेजाबाने दगड घासू नये. साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडले असता झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. तेव्हा छायाचित्र घ्यावे. भक्तीने शेंदूर किंवा तेलाचा रंग फासला तर लेख कायमचा बुजतो. आणि चुन्यात बांधलेल्या कामास सिमेंट लावू नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि काही वर्षांत दगडाच्या कडा झडू लागतात. जेथे सरकारी संरक्षण आहे तेथे तर पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीवाचून काहीच करू नये.

तिसरी गोष्ट, मुलांना बरोबर न्यावे. त्यांना भय वाटेल, ही शंका मोठ्यांची आहे. मुले प्रश्न विचारतील. त्यांना उत्तरे द्यावीत, आणि येत नसतील तर शोधावीत. मी एक प्रश्न विचारला, दुसरा विचारावयाचा राहून गेला. तो राहिलेला प्रश्न मला अजून सलतो.

श्रोतेहो, येत्या सर्वपित्रीस मी माहुलीस जाणार आहे. जागा नक्की सांपडेल असे नाही, आणि नाव तर आता कळणे नाहीच. तथापि संगमाच्या काठी मूठभर फुले ठेवून यावीत, असे मनात आहे. आपल्यापैकी कोणाची अशीच एखादी जागा मागे राहिली असेल, आणि ती ओळखणारे कोणी घरात अजून असेल, तर त्यांचा हात धरून एकदा जाऊन यावे, एवढीच विनंती.