कुणाला कोणता योग?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात योगवर्ग समितीने केलेले निवेदन)



आमच्या समितीला वर्षभर एकच प्रश्न विचारला जातो. "अहो, इथे इंग्लंडात प्रत्येक पाटीवर वेगळा योग दिसतो. अय्यंगार, अष्टांग, शिवानंद, हॉट! यातला खरा कोणता?" आज तुमच्यापुढे झोळी पसरण्याआधी या प्रश्नाचं उत्तर देऊ या, कारण झोळी कशासाठी आहे तेही त्यातूनच कळेल.

एक गोष्ट पाहा. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्य योगशाळा चालवत असत. पट्टाभी जोइस आणि बी. के. एस. अय्यंगार हे दोघेही त्यांचेच शिष्य. गुरू एक, पण दोघांची शिकवण्याची तऱ्हा अगदी निराळी!

जोइस यांचा 'अष्टांग विन्यास' म्हणजे ठरलेल्या क्रमाने, श्वासाच्या तालावर, न थांबता केलेली आसने. घाम निघतो, ताकद आणि दम वाढतो. तरुण, धडधाकट माणसाला हा प्रकार मानवतो. (पतंजलींची यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगे ती वेगळी. नाव सारखे म्हणून गल्लत नको.)

अय्यंगार लहानपणी फार अशक्त होते. १९३७ साली ते पुण्याला आले आणि पुणेकरच झाले. त्यांच्या पद्धतीत आसन सावकाश घ्यायचे, त्यात थांबायचे आणि पाऊल, गुडघा, खांदा नेमका कुठे आहे इकडे लक्ष द्यायचे. शरीर वाकत नसेल तर पट्टा, लाकडी ठोकळा, लोड, दोर, घडीची खुर्ची यांचा आधार घ्यायचा. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले आणि पुढे त्यांच्यामुळेच ही विद्या युरोपात पोचली.

कृष्णम्माचार्यांचे चिरंजीव देशिकाचार यांनी तर 'माणसाने आसनाला नव्हे, आसनाने माणसाला जुळवून घ्यावे' याच विचारावर भर दिला. वय, आजार, दिनक्रम पाहून ज्याचा त्याला अभ्यास!

आता दुसऱ्या घराण्यांकडे वळू. शिवानंद परंपरेत प्राणायाम, सूर्यनमस्कार, मोजकी बारा आसने आणि शेवटी शवासन असा आटोपशीर वर्ग असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा सोपा जातो. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाने योगनिद्रा घरोघरी नेली. ऑफिसातून दमून येणाऱ्या, झोप न लागणाऱ्या मंडळींनी ती जरूर करून पाहावी. हॉट योगाच्या एका प्रकारात साधारण ४० अंश तापवलेल्या खोलीत २६ आसने करतात. काहींना ते आवडते, पण रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. शीर्षासनाचेही तसेच. काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते टाळलेलेच बरे.

आपल्या महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणांनी मोजायला घेतले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला. त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९३८ सालीच लंडनमध्ये निघाले होते. नागपूरला जनार्दनस्वामींनी एक पैसा न घेता लोकांना आसने शिकवली.

तेव्हा 'खरा योग कोणता' यापेक्षा 'कुणाला कोणता' हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तरुणांसाठी इथल्या प्रत्येक जिममध्ये वर्ग आहेत. आपल्या आई-वडिलांसाठी कुठे आहेत?

गेल्या हिवाळ्यात आपल्या वर्गातले आजी-आजोबा एकेक करून यायचे थांबले. कारण विचारले तर म्हणाले, "खाली बसता येतं हो, पण उठायचं कसं?" चार वाजता अंधार पडणाऱ्या या देशात त्यांचं घराबाहेर पडणंच थांबलं. व्यायाम गेला आणि मराठीत चार शब्द बोलणंही गेलं. ब्रिटनच्या २०१९च्या आरोग्य मार्गदर्शिकेत ६५ वर्षांवरील लोकांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंची ताकद आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असे सांगितले आहे. खुर्चीत बसून किंवा खुर्चीला धरून हे नक्की करता येते. ताडासन, वीरभद्रासन, बसल्या बसल्या पाठीला पीळ, दीर्घ श्वसन आणि शेवटी योगनिद्रा. यासाठी जमिनीवर बसायची गरजच नाही!

म्हणून येत्या नोव्हेंबर ते मार्च आठवड्यातून दोन दुपारी 'खुर्चीवरचा योग' सुरू करायचा आमचा बेत आहे. त्यासाठी न घसरणाऱ्या भक्कम खुर्च्या, पट्टे आणि ठोकळे हवेत. हॉलचे भाडे आहे, ज्येष्ठांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेचे मानधन आहे, आणि गाडी न चालवणाऱ्यांना ने-आण करायची सोय करायची आहे. ज्येष्ठांकडून एक पेनीही घ्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे.

फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. पैसे देणे शक्य नसेल तर आठवड्यातून एक दुपार तुमची गाडी द्या. आणि घरी आई, बाबा, सासूबाई असतील तर त्यांना वर्गाला जरूर पाठवा. चहा आमच्याकडे!



आपली,
योगवर्ग समिती