पत्रांचे रुमाल
(मंगळवेढे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दामाजीपंतांच्या गावात कागदाचे महत्त्व सांगावयास उभे राहणे हे थोडे धार्ष्ट्यच होय. पांडुरंगाने बेदरला जाऊन रक्कम भरली आणि पावती पंतांच्या पोथीत निघाली, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. तिच्यातही पंतांची सुटका होते ती एका चिटोऱ्याने!

येथील किल्ल्याचेही तसेच. 1665 च्या डिसेंबरात विजापूरच्या स्वारीत मिर्झाराजे जयसिंह व शिवाजीमहाराज एकत्र असता हा किल्ला मोगलांच्या हाती आला. त्या स्वारीचा तपशील आपणांस मिळतो तो जयसिंहाच्या फार्सी पत्रांतून. उदयराज मुनशीच्या हातची ही पत्रे ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात राहिली, आणि सर जदुनाथ सरकारांनी त्यांवरून इतिहास लिहिला. दुसऱ्यांची पत्रे हुडकण्यात जन्म घालविणाऱ्या त्या जदुनाथांच्या स्वतःच्याच पत्रांविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

जदुनाथ बंगाली, 1919 साली स्थापन झालेल्या ऐतिहासिक कागदपत्रांच्या सरकारी आयोगाचे ते आरंभापासूनचे सभासद. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत व पुढे कामशेतला. या दोघांचा पत्रव्यवहार विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला तो जवळजवळ अर्धशतक चालला. एकाने फार्सी आधार कळवावा, दुसऱ्याने मराठी कागद लावून पाहावा. तारखा जुळविणे, चुका दाखविणे, नकलांची चौकशी, प्रवासाचे बेत, मध्येच प्रकृतीची विचारपूस. सरदेसायांचा पुत्र श्यामकांत 1925 साली जर्मनीत वारला. पेशव्यांच्या दप्तराचे 45 खंड पुढे संपादणाऱ्या त्या पित्याने मुलाची पत्रेही जपली व ‘श्यामकांतची पत्रे’ म्हणून छापली. आम्हांस तर त्या 45 खंडांपेक्षा हे एक पुस्तक अधिक वाटते. विद्वानांनी क्षमा करावी.

या पत्रांत सर्वच गोड नाही. दप्तराच्या कामावरून भारत इतिहास संशोधक मंडळातील काही अभ्यासकांशी या दोघांचे पटले नाही, आणि पत्रांतून कडू शब्दही निघाले आहेत. जदुनाथ 1958 च्या मे महिन्यात गेले, सरदेसाई 1959 च्या नोव्हेंबरात. जदुनाथांच्या पत्रांचा संग्रह हरिराम गुप्त यांनी त्याच सुमारास प्रसिद्ध केला. उभयतांचा पत्रव्यवहार कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहावयास मिळतो. कोणी कडू पाने निवडून फाडली असती, तर दप्तरे खुली होण्यासाठी केवढा झगडा झाला, हे आज कळले नसते.

आता घरची गोष्ट. आमचे आजोबा आलेले प्रत्येक कार्ड तारेत ओवून खुंटीस टांगीत. सांगली संस्थान विलीन झाले त्या काळापर्यंतची ती कार्डे होती. ते गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आधी घर आवरावयास निघाले, आणि ती सारी माळ बंबात गेली. पाणी कढत झाले, एवढेच. आम्ही तेव्हा तेथेच उभे होतो. लहान होतो, हे खरे, पण अक्षरओळख झाली होती.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी. कार्यालयातील मागील खोलीत एक कपाट केवळ घरोघरच्या पत्रांसाठी ठेवावे. रुमाल बांधावे, वर घराचे नाव व साल लिहावे, वाळवीसाठी वर्षातून दोनदा उघडावे. ज्यांना भाऊबंदकीचे वाद बाहेर पडण्याची धास्ती वाटते, त्यांनी रुमालास मोहोर लावून किती वर्षांनी उघडावा ते लिहून द्यावे. आम्ही मुदत पाळू. परंतु घरी बसून निवड करू नये. कामाचे कोणते नि बिनकामाचे कोणते, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

काल सायंकाळी एका वृद्ध भगिनीने पितळी डबा आणून आमच्या हाती दिला. आत मोडीतील सतरा पत्रे आहेत. तीन वाळवीने खाल्ली आहेत. आपल्यापैकी दोघा वडीलधाऱ्यांस मोडी वाचता येते. भोजनोत्तर ते पहिले पत्र वाचावयास बसणार आहेत. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी ओसरीवर यावे.