लेकीची सायकल, वीरूबाईंची विहीर

भाजी निवडत असाल, भांडी घासत असाल, तर ते चालू द्या. कान तेवढा इकडे असू द्या. आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज आम्ही सायकलवरून कुठं कुठं गेलो ते सांगणार आहोत.

आमचं गाव वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या खोऱ्यात. आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या सात जणींच्या घरी लेकीची सायकल नुसती पडून होती. लेक कॉलेजला एसटीनं जायला लागली, नाहीतर सासरी गेली, आणि सायकल गोठ्यात. एका सायकलच्या कॅरिअरवर तर रोज रात्री कोंबडी बसायची. मासिक बैठकीत कुणीतरी म्हणालं, ही भंगारात घालायची का? तर आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू, वय बावन्न, म्हणाल्या, "भंगारात कशाला? मला शिकवा की."

सगळ्या हसल्या. पण त्यावरच चर्चा रंगली. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्हा आहे. तिथं १९९० नंतरच्या काळात साक्षरतेच्या चळवळीसोबत बायकांना सायकल शिकवली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका अशा हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेंट्स सायकल घेतली. पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं म्हणून कित्येकींना तीच बरी वाटली. हे बैठकीत सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "बघा, आपल्याकडं तर सायकल आयती हाय."

सात सायकली दुरुस्त करायला अंतर्गत कर्जातून पैसे काढले. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन, तेलपाणी. खजिनदार ताईंनी आधी कुरकूर केली, की हे उत्पादक कर्ज आहे का? त्यांचं चूक नव्हतं, प्रश्न योग्यच होता. शेवटी ज्यांची सायकल त्यांनी तीन हप्त्यांत फेडायचं ठरलं. फेडलंही.

शिकायला शाळेचं मैदान घेतलं, पहाटेचं, म्हणजे कुणी बघायला नको. तरी दोन पोरं मोबाईल घेऊन यायचीच. शिकण्याची एक युक्ती सांगतो. सीट आधी खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पायडल मारूच नका. पायानं ढकलत ढकलत तोल शिका. तोल आला की मग पायडल. आणि साडी असेल तर पदर खोचून निऱ्या वर घ्या, नाहीतर चेनमध्ये जातात. आम्ही बहुतेक जणींनी पंजाबी ड्रेस घातला. काकूंनी नऊवारीच नेसली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोयीची तीच ठरली.

पहिली सहल डिसेंबरात. वाई, मेणवली, धोम. वाईपासून मेणवली तीन किलोमीटर, तिथून पुढं धोम. रस्ता सरळ नाही, थोडा चढ, थोडा उतार, असा लाटेसारखा. एका बाजूला ऊस आणि हळद, समोर पांडवगड. याच रस्त्यानं आम्ही आयुष्यभर गेलोय, पण गाडीवर मागं बसून, नाहीतर टेम्पोत, लग्नाच्या वऱ्हाडात. मागं बसलं की पुढच्याची पाठ दिसते. रस्ता असा आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. ते आपण सगळ्याच बघतो, म्हणून फार थांबलो नाही. मेणवलीत मात्र तासभर गेला. नाना फडणवीसांचा वाडा, मागं कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ. शाहरुख खानच्या 'स्वदेस' सिनेमाचं शूटिंग इथंच झालेलं, त्यामुळं फोटो काढणं आलंच. पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथली घंटा. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा तिकडच्या चर्चमधली ही घंटा. जवळ जाऊन बघा, मेरी आणि बाळ येशूची आकृती उठावात आहे. आमच्यातली एक म्हणाली, "आई लेकराला कडेवर घेऊन कुठवर आलीय बघा!"

धोमला महादेवाच्या देवळापुढं दगडी कमळाच्या आकाराची टाकी आहे, त्यात कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी. टाकी भरली की कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. तिथंच सावलीत बसून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

आता जे सांगायचं आहे ते. आमच्या गटातल्या एका ताईचं माहेर त्याच रस्त्यावर, आमच्या गावापासून अकरा किलोमीटर. लग्नाला चौदा वर्षं झाली. अकरा किलोमीटर म्हणजे काही परदेश नाही. पण ती जायची राखीला आणि दिवाळीला, कारण न्यायला कुणीतरी मोकळं असावं लागतं. मालकांना वेळ नसतो, भाऊ येतो म्हणतो आणि येत नाही. त्या दिवशी परतताना ती म्हणाली, पाच मिनिटं थांबू का? आम्ही सगळ्याच थांबलो. तिची आई ओसरीत बसून तांदूळ निवडत होती. मान वर केली आणि म्हणाली, "कुणाबरं आलीस?" ही म्हणाली, "माझी मीच." आईनं रस्त्याकडं पाहिलं, कुणी पुरुष दिसतोय का ते. मग सायकलकडं पाहिलं. काही बोलली नाही, उठून चहा टाकला. सात जणींना पुरेल एवढं दूध घरात नव्हतं, म्हणून कोराच प्यायलो.

दुसरी सहल लिंबची, बारा मोटेच्या विहिरीची. ही लांब, आणि मध्ये पाचवडला हायवे आडवा येतो. मैत्रिणींनो, हायवेवर सायकल घालायची नाही. पुलाखालूनच रस्ता ओलांडायचा. कडेचा सर्व्हिस रस्ता जिथं आहे तिथं तो, आणि नाही तिथं उतरून कडेनं चालत. आमचा तेवढ्यात वेळ गेला, पण गेला तर गेला. चढावरही दम लागला की उतरून ढकलायची, लाजायचं नाही. उतारावर मात्र सावध. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा हळूच. पुढचाच करकचून दाबला की माणूस सायकलच्या पुढं जाऊन पडतं. आमच्या सचिव ताईंचा गुडघा याला साक्षी आहे.

लिंब फाट्याला वळलं की मग शांत. विहीर शेतात आहे. लांबून काहीच दिसत नाही, जवळ गेल्यावर जमीन उघडते. अष्टकोनी, जोडून दुसरा भाग, वरून पाहिलं तर शिवलिंगासारखा आकार. खोली सुमारे ११० फूट. एका वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून नाव. आणि विहिरीतच छोटा महाल! पायऱ्या उतरून गेलं की दारावर शिलालेख. त्यावर नाव आहे वीरूबाई भोसले. शाहू महाराजांच्या राजपरिवारातल्या. आमराईला पाणी मिळावं म्हणून विहीर बांधली, शके १६४१ ते १६४६. काही जण हेच आकडे इसवी सन म्हणून सांगतात, ते चूक. शकात ७८ मिळवायचे. म्हणजे १७१९ ते १७२४. शाहू महाराजांची कारकीर्द तेव्हाचीच, म्हणजे हिशेब जुळतो. हा हिशेब आमच्या खजिनदार ताईंनी तिथंच बोटांवर केला.

काकूंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "नाव बाईचंच हाय ना नक्की?" पुन्हा वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "आमच्या घराच्या उताऱ्यावर माझं न्हाई." पुढच्या बैठकीत घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावायचा विषय निघाला तो असा. तीन घरांतून होकार आला. काकूंच्या घरातून अजून नाही.

आणि ती माहेरची ताई या दुसऱ्या सहलीला नव्हती. पहिल्या सहलीनंतर घरी बोलणं झालं. "हौस झाली, आता पुरे," असं मालक म्हणाले. आम्ही भांडायला गेलो नाही. खरं तर जावं की न जावं यावर आमच्यातच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, घरातली गोष्ट आहे. आम्हाला अजूनही वाटतं, निदान एकदा जाऊन बसायला हवं होतं. दोन महिने सायकल परत गोठ्यात. मग फेब्रुवारीत तिच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायच्या होत्या, आणि नेहमीसारखं कुणी मोकळं नव्हतं. तिच्या सासूबाईच म्हणाल्या, "जा घेऊन सायकल. दिवेलागणीच्या आत ये." आता दर महिन्याला गोळ्या तीच नेते. मालक अजून काही बोलत नाहीत. पण परवा चाकात हवा त्यांनी भरून ठेवली होती.

पुढची सहल संगम माहुलीची. कृष्णा-वेण्णेचा संगम आणि महाराणी ताराबाईंची समाधी. लांब आहे, तेव्हा तिघी-चौघी तरी नवीन हव्यात, म्हणजे पंक्चर झालं तर थांबायला सोबत होते. ज्यांना यायचंय त्यांनी सीट आणि ब्रेक आधी बघून घ्या, पाण्याची बाटली आणि भाकरी आणा. पहाटे साडेपाचला मारुतीच्या पारापाशी निघायचं आहे.