बाटली नुसती 'आहे' की 'उभी आहे'?

आधी एक काम करा. समोर बघा आणि सांगा, पाण्याची बाटली कुठेय? "टेबलावर आहे." झालं! उभी आहे की आडवी पडलीय, हे सांगायचं की नाही ही तुमची मर्जी. मराठीत 'आहे'वर भागतं.

आता चला मेक्सिकोत, वाहाकाच्या खोऱ्यात. तिथल्या झापोटेकमध्ये वस्तू कुठेय हे सांगताना क्रियापदच तिची ठेवण सांगून टाकतं. उभं असणं, बसलेलं असणं, आडवं असणं, कशाच्या आत असणं, सगळ्यांना वेगवेगळी क्रियापदं. आजच्या सान लुकास किआविनी गावात 'झू' म्हणजे उभं असणं, 'झूब' म्हणजे बसलेलं असणं. फक्त माणसांचं नाही हं, निर्जीव वस्तूंचंही. त्यात वाक्य सुरू होतं क्रियापदाने! काहीतरी उभं आहे हे आधी कळतं, काय उभं आहे ते नंतर. मला तर हे सिनेमातल्या शॉटसारखं वाटतं.

ही सवय जुनी आहे. 1578 मध्ये हुआन दे कोर्दोवा या दोमिनिकन पाद्र्याने या भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण छापलं. शब्दकोश स्पॅनिशकडून झापोटेककडे जाणारा. म्हणजे स्पॅनिशचं 'एस्तार', आपलं 'असणं', एकच. पण झापोटेकमध्ये उत्तर देताना आधी विचारावं लागतं: असणं म्हणजे कसं असणं?

पण खरा खजिना पाद्र्याच्या पुस्तकात नाही, झापोटेक लेखनिकांनी स्वतः लिहिलेल्या कागदांत आहे. मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार. कोणाचं शेत कुठे, कशाला लागून, ही ठेवणीची क्रियापदं तिथे रोजच्या कामाला जुंपलेली दिसतात. यातले काही कागद स्पॅनिश कोर्टात गेले, सोबत स्पॅनिश भाषांतर जोडून. आता उभं काय नि बसलेलं काय, 'एस्ता' म्हटलं की सगळं सपाट! जमीन कोणाची ते कळेल, पण लिहिणाऱ्याने ती कशी पाहिली ते मूळ ओळीतच राहतं.

आणि याच भाषेला मेक्सिकोत अनेक जण अजून 'भाषा' म्हणत नाहीत, 'दिआलेक्तो' म्हणतात. म्हणजे नुसती बोली, तीही नाक मुरडून. जिच्यात चारशे वर्षांपूर्वी इस्टेटीचे कागद लिहिले जात होते, तिला!

'टीचा' नावाच्या वेबसाइटवर हे कागद मोफत बघता येतात. जुन्या झापोटेकमध्ये टीचा म्हणजे शब्द. आज खोऱ्यात झापोटेक बोलणारी मंडळी अभ्यासकांसोबत बसून ते वाचतात. लिपीचं वळण अनोळखी, स्पेलिंग वेडंवाकडं, पण मध्येच एखादं क्रियापद दिसतं, जे घरी आजी बोलते.